धडधाकट माणसांची चौकशी

घरात तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत. हे नाव तिच्या काकांनी ठेवलं, आणि तेही लाडानं नाही, रागाच्या भरात.

त्याचं झालं असं. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न अगदी दृष्ट लागण्यासारखं पार पडलं आणि दुसऱ्या दिवसापासून एकेका घरातून फोन यायला लागले. याचं पोट बिघडलं, त्याला उलट्या होतायत, अमक्यांना तर सलाइन लावलंय. नवरदेवाकडचे म्हणायला लागले, स्वयंपाकी मुलीकडच्यांनी आणला होता. मुलीकडचे म्हणाले, आइस्क्रीम तुमच्या ओळखीच्या दुकानातलं होतं. नव्या सुनेला सासरी तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं, पण स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात आपटली जात होती.

चौकशी तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती. बहीण फोनवर रडली तेव्हा तिनं ठरवलं, भांडण मिटवणं आपल्या हातात नाही, पण कशानं झालं ते तर कळलं पाहिजे. तिनं फोन मांडीवर घेतला आणि पाहुण्यांना विचारायला सुरुवात केली. आजारी माणसं भरभरून बोलली. काय खाल्लं, किती खाल्लं, वाढणाऱ्यानं कसा आग्रह केला, सगळं सांगितलं. पण त्यातून हाती काहीच लागेना, कारण प्रत्येकानं सगळंच खाल्लं होतं. मग तिच्या डोक्यात आलं, की जे आजारी पडले नाहीत त्यांनीही जेवण सोडलेलं नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

तिनं पहिला फोन नवरदेवाच्या आत्याला लावला. आत्याबाईंना ते लागलं. त्या म्हणाल्या, “मला काही झालेलं नाही. मग मला कशाला विचारतेस?”

“म्हणूनच विचारतेय, आत्या.”

आत्याबाईंची दाढ दुखत होती, त्यांनी थंड म्हणून कशाला हात लावला नव्हता. फोटोग्राफर दिवसभर गरम चहावर होता. पोरंटोरं ठणठणीत होती, आणि त्यांनी तर आइस्क्रीम दोन-दोनदा चापलं होतं. पण सरबत त्यांना आंबट लागलं म्हणून कोणी प्यायलं नव्हतं. सरबतातला बर्फ मध्येच संपला होता आणि काका मोठ्या तत्परतेनं स्कूटरवरून जाऊन बर्फाच्या लाद्या घेऊन आले होते. कुठून, ते तिनं काकांनाच विचारलं. मासळीबाजाराच्या मागच्या कारखान्यातून. तो बर्फ मासे झाकायचा होता, प्यायचा नव्हता.

दोन्ही घरं एका दिवसात शांत झाली. राग सगळा बर्फावर गेला आणि बहिणीचा संसार मार्गी लागला. काका मात्र कितीतरी दिवस गाल फुगवून होते. “सख्ख्या काकावर चौकशी बसवलीस होय गं?” असं ते म्हणाले, आणि तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त मार्कशीटवर उरलं. पुढे तेच काका ही हकिगत येईल त्याला रंगवून सांगायला लागले. त्यात लाद्यांचा आकार दरवर्षी वाढत गेला.

असल्या कामाची कुठे नोकरी असते का, असं तिनं कॉलेजातल्या सरांना विचारलं. सर म्हणाले, असते, आणि तिला साथरोगशास्त्राबद्दल सांगितलं. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, तेव्हा आई पुढच्या खोलीत मशिनवर बसली होती. आईचं शिवणकामाचं दुकान तिथेच होतं. टाचण्या ओठांत धरून बोलायची तिला सवय होती.

“म्हणजे डॉक्टर?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मग औषध कोण देणार?”

“औषध डॉक्टर देतील. रोग आला कुठून आणि चाललाय कुठे, ते मी शोधणार.”

आईनं जरा विचार केला. “म्हणजे उसवलंय कुठून ते तू बघणार आणि शिवणार दुसरं कोणी.”

“हो, तसंच.”

“मग शीक. आधी ते बघायलाच लागतं,” आई म्हणाली आणि पायाखालचं पायडल पुन्हा सुरू केलं.

ती शिकली. शिष्यवृत्ती मिळवून शिकली आणि शहराच्या आरोग्य खात्यात लागली. नातेवाइकांच्या डोक्यात तिचं काम कधीच नीट शिरलं नाही. एपिडेमिऑलॉजी या शब्दात मामांना कुठेतरी ‘एपिडर्मिस’, म्हणजे कातडी, ऐकू आली आणि ते प्रत्येक भेटीत शर्टाची बाही वर करून तिला कोपरावरचा नायटा दाखवायला लागले. तिनं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा एका त्वचारोगतज्ज्ञाचा पत्ता दिला. नायटा बरा झाला, आणि मामांच्या लेखी ती निष्णात ठरली.

पहिली काही वर्षं ती नुसते घरोघरचे जिने चढली. माणसं खोटं बोलत नाहीत, पण काय खाल्लं असं विचारलं की काय खायला हवं होतं तेच सांगतात, हे तिला तिथे कळलं. मग ती आडून विचारायला लागली. काल कोणती भांडी घासायला पडली होती, दुकानात रांग किती होती, भाजी कोणी निवडली. अशा प्रश्नांवर माणसं खुलतात, आणि बोलता बोलता जे सांगतात त्यात काम होऊन जातं. तिला हे मनापासून आवडायचं. परक्या घरात बूड टेकवून तासभर गप्पा मारायच्या आणि वर त्याचा पगारही घ्यायचा, असं ती हसत म्हणायची. आणि कामाच्या बाबतीत ती कुणाला हार जाणारी नव्हती.

ती पस्तिशीत असताना आरोग्य खातं नव्या इमारतीत गेलं. जुन्या कचेरीत छत गळायचं, पंखे कुरकुरायचे. इथे सगळीकडे काच, बंद खिडक्या आणि छान गारवा. इमारतीच्या समोर मोठी बाग, मागे जुन्या वस्तीची गल्ली आणि तिच्या टोकाला बसस्टँड. बागेच्या बाजूच्या खुर्च्यांसाठी लोकांनी आपसात भांडणं केली. चौकशीला मागची खोली मिळाली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठ्या हॉस्पिटलच्या छातीच्या डॉक्टरांचा तिला फोन आला. न्यूमोनियाचे इतके रोगी एका वेळी त्यांनी कधी पाहिले नव्हते, नेहमीच्या औषधांना ते दाद देत नव्हते, आणि सगळे नव्या इमारतीच्या आसपासचे होते. ती त्याच दिवशी वॉर्डात गेली. एक निवृत्त पोस्टमन, एक ब्युटी पार्लरवाली, बसस्टँडवरचा फळविक्रेता, मोटार चालवायला शिकवणारे एक गृहस्थ. एकमेकांशी ना नातं, ना ओळख.

गावानं तोपर्यंत निकाल लावून टाकला होता. बागेत कबुतरं होती, त्यांना दाणे टाकणारी माणसं होती, आणि दाणे विकणारा एक म्हातारा होता. वर्तमानपत्रानं ‘कबुतरांचा ताप’ असा मथळा दिला आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या म्हाताऱ्याची टोपली उधळून दिली. चौकशीनं डॉक्टरांना रोग्यांची लघवी एका ठराविक तपासणीसाठी पाठवायला लावली. तिला जी शंका होती तीच खरी निघाली. हा जंतू पक्ष्यांचा नव्हता. तो साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो, पाण्याचे बारीक तुषार हवेत उडाले की श्वासातून छातीत उतरतो, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. तिनं पहिलं काम काय केलं, तर दाणेवाल्याचं नाव घेऊन नाही, पण त्याच्या शेजारी उभं राहून बातमीदारांना सांगितलं, की कबुतरांचा याच्याशी संबंध नाही.

मग पाणी कुठलं? बागेत कारंजं होतं. खात्याच्या मोठ्या साहेबांनी ते तासाभरात बंद करवलं. साहेब वाईट नव्हते. निर्णय भराभर घेणारे, आणि घेतला की मोकळे होणारे होते. कारंजं बागखात्याचं होतं, म्हणजे दोषही बागखात्याचा, याचंही त्यांना थोडं बरं वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बोलवायचं ठरलं.

चौकशीला ते पटेना. सकाळी ती बागेत जाऊन बसली. व्यायाम करणारी मंडळी कारंज्याला खेटून हातपाय हलवत होती, रोज हलवत असत, आणि सगळी टुणटुणीत होती. कारंज्याची जाळी हातानं साफ करणारा माळी साधा शिंकलाही नव्हता. रोगी बागेत जात होते हे खरं, पण बागेत सगळं गाव जात होतं. तिच्या जुन्या सवयीप्रमाणे ती धडधाकट माणसांना विचारत सुटली, आणि प्रत्येक उत्तरासरशी कारंजं निर्दोष ठरत गेलं.

त्यातच दुपारी छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की काल दाखल झालेल्या एक आजी बागेत जाणं तर सोडाच, घराबाहेरच पडत नाहीत.

या आजी पूर्वी कोर्टात टंकलेखिका होत्या. गुडघे गेल्यापासून चौथ्या मजल्यावरच्या घरातून त्या उतरल्याच नव्हत्या. ताप जरा उतरला होता, नाकाला ऑक्सिजनची नळी होती, आणि बोलायची भूक प्रचंड होती.

“विचार, विचार,” त्या म्हणाल्या. “इथे सगळे माझी छाती तपासतात. मला कोणी काही विचारत नाही.”

चौकशी खुर्ची ओढून बसली. भाजी कोण आणतं, पाणी कुठलं, न्हाणीत शॉवर आहे का? शॉवर नव्हता, आजी बादलीनं अंघोळ करायच्या. भांडी घासणारी बाई ठणठणीत होती. कूलर? नव्हता.

“मग या दिवसांत उकडत असेल,” चौकशी म्हणाली.

“छे गं. खिडकीत खुर्ची टाकून बसते ना मी. गेल्या महिन्यापासून इतकी छान झुळूक येते म्हणून सांगू, अगदी ओली. कधी कधी तर चष्मा पुसावा लागतो.”

चौकशीनं पेन खाली ठेवलं. “आजी, तुमच्या घराची किल्ली मला थोड्या वेळासाठी द्याल?”

“घे. आणि कुंडीला तेवढं पाणी घाल.”

ती गेली. आधी कुंडीला पाणी घातलं, मग आजींच्या खुर्चीत बसून खिडकी उघडली. बाग तिथून दिसतच नव्हती. ती पार पलीकडे होती. दिसत होती एका मोठ्या इमारतीची पाठ, बंद काचा, आणि वर गच्चीवर एक करडा लोखंडी मनोरा. त्यातून पांढरी वाफ निघत होती आणि वाऱ्याबरोबर हळूहळू गल्लीवर उतरत होती. वातानुकूलन यंत्राचं पाणी थंड करायचा तो मनोरा. तिनं हात बाहेर काढला. थोड्या वेळानं हातावरची लव ओलसर झाली.

ती इमारत तिच्याच खात्याची होती. खालून तिसऱ्या मजल्यावर तिची स्वतःची खोली दिसत होती. टेबलावर सकाळचा कप तसाच होता.

खाली उतरल्यावर तिनं हवामान खात्याला फोन केला. त्या महिनाभर वारा बहुतेक बागेकडून गल्लीकडेच वाहत होता. मग ती गल्लीतून बसस्टँडपर्यंत चालत गेली. पोस्टमनचं घर, पार्लर, फळांची गाडी, सगळं त्या वाऱ्याच्या वाटेवर. मोटार शिकवणारे गृहस्थ शिकणाऱ्यांची वाट बघत गल्लीच्या तोंडाशी उभे असत. कचेरीतली माणसं वाचली ती बंद काचांमुळे, आणि बहुतेकजण समोरच्या दारानं ये-जा करत म्हणून.

साहेबांच्या दारापाशी ती क्षणभर थांबली. कारंजं म्हणून सगळं आटोपलं असतं, तर कचेरीत सगळ्यांना सोयीचं होतं. पण विचार तिनं एवढाच केला, की मनोरा अजून चालू आहे. मग तिनं दार ढकललं.

“साहेब, कारंजं नाही. कारण आपल्या डोक्यावर आहे.”

साहेबांनी नकळत वर बघितलं. तिनं खिडकी, वारा, आजी, माळी, सगळं सांगितलं. साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, “खात्री आहे तुमची?”

“मनोरा आत्ता बंद करण्याइतकी आहे. छापायला द्यायची असेल तर लॅबचं उत्तर येईपर्यंत थांबायला लागेल.”

“आणि तुमचं चुकलं तर?”

“तर आपण सगळे काही दिवस घामाघूम होऊ, आणि मी माफी मागेन. माझं बरोबर असेल आणि आपण थांबलो, तर माफी मागायला तोंड राहणार नाही.”

साहेब थोडा वेळ टेबलावरच्या पेनांची टोपणं जुळवत बसले. मग त्यांनी फोन उचलला, मनोरा बंद करायला सांगितलं आणि पाण्याचे नमुने घेतल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही असं बजावलं. पत्रकारांना कळवलं, की भेट पुढे गेली आहे.

पुढचे दिवस कठीण गेले. त्या काचेच्या इमारतीत उघडणारी खिडकी एकही नव्हती. फायलींचे पंखे झाले, गळ्यातले टाय खणात गेले, आणि जो तो चौकशीच्या खोलीवरून जाताना मुद्दाम कपाळ पुसत जाई. त्यात रोगी यायचे थांबेनात. “बंद करून काय झालं?” असं लोक उघड विचारायला लागले. खुद्द साहेबांनीही एकदा विचारलं.

तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. जंतू छातीत गेल्यावर ताप यायला दोन आठवडेही लागू शकतात. आता येणारे रोगी मनोरा चालू असतानाचे आहेत. आधी कमी होतील, मग थांबतील. हे ती इतक्या ठामपणे सांगायची, की समोरच्याला वाद घालायचा धीर होत नसे. तरी रोज सकाळी हॉस्पिटलचा फोन पहिल्याच घंटीला ती स्वतः उचलायची.

रोगी कमी झाले. मग थांबले. लॅबनं कळवलं, की मनोऱ्यातला जंतू आणि रोग्यांच्या छातीतला जंतू एकच. नवी इमारत ताब्यात घेतल्यापासून त्या पाण्यात कोणी औषधच टाकलं नव्हतं. बांधकाम खात्याला वाटत होतं ते आरोग्य खात्याचं काम, आणि आरोग्य खात्याला वाटत होतं ते बांधकाम खात्याचं. साहेबांनी पत्रकारांसमोर उभं राहून, कागद न वाचता सांगितलं, की हा रोग आमच्या छपरावरून पसरला. चौकशी मागच्या रांगेत होती. इतकी वर्षं तिला साहेबांबद्दल जे वाटत होतं ते तिनं त्या दिवशी थोडं बदललं.

मोटार शिकवणारे गृहस्थ मात्र वाचले नव्हते. मनोरा सापडायच्या आदल्या दिवशी ते गेले होते. खात्याकडून त्यांच्या घरी पत्र जाणार होतं. चौकशी म्हणाली, पत्र नंतर जाऊ दे, आधी मी जाते.

त्यांच्या बायकोनं दार उघडलं. दारात गाडी उभी होती, तिच्या छपरावर शिकाऊ चालकांसाठीची पाटी तशीच होती. चौकशीनं प्रस्तावना केली नाही. काय झालं, कुठून झालं, कोणाच्या हलगर्जीपणामुळे झालं, सगळं नीट सांगितलं. आपण त्याच इमारतीत बसतो हेही सांगितलं.

काकूंनी तिला आत घेऊन बसवलं. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे मी वेळेवर डॉक्टरकडे नेलं नाही म्हणून नाही?”

“नाही, काकू. तुम्ही वेळेवर नेलं होतं. कोणत्या औषधानं उतरेल, तेच डॉक्टरांना तेव्हा कळलं नव्हतं.”

“सासूबाई म्हणत होत्या, मी उशीर केला.”

“त्यांनाही मी सांगते. आहेत का घरात?”

सासूबाई आतल्या खोलीत होत्या. चौकशीनं त्यांच्याजवळ बसून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, त्यांच्या कानाला कमी ऐकू येत होतं म्हणून जरा मोठ्यानं. म्हातारी रडली, आणि मग तिनं सुनेचा हात धरला. चौकशी तिथून निघाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ती बसस्टँडवर जाऊन नुसतीच बसली, दोन बस सोडल्या, तिसरीत चढली. बर्फाच्या वेळी कोणी मेलं नव्हतं. इथे एक माणूस गेला होता, आणि आणखी किती जाऊ शकले असते हे तिला नेमकं माहीत होतं. त्या दोन्ही गोष्टी मनात घेऊन ती घरी गेली.

कागदोपत्री काम करायचा तिला कंटाळा, पण त्या वर्षी तिनं नेटानं एक नियम लिहून काढला. शहरातल्या अशा प्रत्येक मनोऱ्याची नोंद व्हावी, पाण्याची तपासणी व्हावी आणि जबाबदार माणूस एकच असावा. तो मंजूर व्हायला वेळ लागला. हॉटेलवाले कुरकुरले, सिनेमागृहवाल्यांनी ओळखी लावल्या. साहेबांनी सही केली आणि निवृत्त होताना आपली खुर्ची चौकशीकडे देऊन गेले.

आता तिच्या हाताखाली तरुण साथरोगतज्ज्ञ आहेत, आणि मोठ्या खोलीत बसून नुसत्या सह्या केल्या तरी तिला कोणी बोलणार नाही. पण तपासणीच्या फेरीत ती स्वतः जाते. परवाच एका मोठ्या हॉटेलच्या गच्चीवर ती लोखंडी शिडीनं चढली, गुडघे कुरकुरले तरी चढली, आणि मनोऱ्याच्या नळाखाली बाटली धरून उभी राहिली. मॅनेजर छत्री घेऊन मागे आला होता. उन्हात उगाच कशाला त्रास, इतक्या वर्षांत आमच्याकडे काही झालेलं नाही, असं तो अदबीनं म्हणाला.

“होऊ नये म्हणूनच आलेय,” ती म्हणाली, आणि बाटलीचं बूच घट्ट लावलं.